छोट्या शिडाच्या बोटीवर वॉटरप्रूफ कॅमेरा लावायचा कुठे आणि कसा?

खारेवारे:
नमस्कार मंडळी, भटकंतीत टाकू का तंत्रज्ञानात हे कळेना म्हणून इथेच टाकतोय, ॲडमिननी हवं तर हलवावं.

मी आणि माझा मित्र मुंबई हार्बरमध्ये एन्टरप्राइझ चालवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही साधारण चार मीटर लांबीची दोन माणसांची शिडाची डिंगी, जॅक होल्टने १९५६ साली डिझाइन केलेली, फिकट निळी शिडं ही तिची ओळख, आणि आपल्याकडे अजून भरपूर वापरात आहे. आमचं टॅकिंग भयंकर हळू होतं, म्हणजे बोट वाऱ्याच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर वळवताना वेग पार मरतो, आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतो. म्हणून वाटलं की व्हिडिओच काढावा म्हणजे कोणाचं चुकतंय ते दिसेल. चुलतभावाचा गोप्रो हिरो ७ ब्लॅक पडून होता तो आणलाय. मित्राने डोक्याला पट्टा बांधून शूट केलं तर त्यात निम्मा वेळ त्याचे गुडघे आणि उरलेला वेळ आकाश, बघताना आईला उमासे आले. तर नक्की कुठे लावू? नवीन कॅमेरा घ्यावा लागेल का? बजेट फार नाही.

बिनशिडाची_होडी:
आधी फोटो टाका, फोटोशिवाय धागा फाऊल धरतात इथे 😀 बाकी आईला दाखवायचाच कशाला तो व्हिडिओ!

तांडेल_नाना:
खारेवारे, नवीन काही घेऊ नका, हिरो ७ पुरे झाला. २०१६ च्या हिरो ५ पासून हे कॅमेरे बिनडबीचे १० मीटरपर्यंत वॉटरप्रूफ आहेत, त्याआधी प्लास्टिकच्या डबीत कोंबावे लागायचे. डिंगी पूर्ण उलटी होऊन शीड खाली गेलं तरी मास्टचं (डोलकाठीचं) टोक सहा-सात मीटरवर जातं, त्यामुळे खोलीची काळजी नको. काळजी दाराची. बॅटरीच्या दाराच्या रबरावर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला की संपलं, मग ते १० मीटर कागदावरच. आणि पुढची चौकोनी काच नीट बसलीय ना तेही बघा, ती नसेल तर कॅमेरा वॉटरप्रूफ राहत नाही.

आता मुख्य गोष्ट. डोक्याचा पट्टा काढून टाका. शिकण्यासाठी व्हिडिओ हवा असेल तर कॅमेरा बोटीलाच घट्ट बसवायचा आणि स्टॅबिलायझेशन (चित्रातले हिसके काढणारं सेटिंग) बंद करायचं. हो बंद. मुलं मला वेड्यात काढतात पण ऐकून घ्या. हायपरस्मूथ, म्हणजे गोप्रोचं स्टॅबिलायझेशन, काय करतं, कॅमेऱ्यातला जायरो बघतो कॅमेरा किती हलला आणि चित्र तेवढंच उलट फिरवतो, म्हणजे समुद्र स्थिर दिसतो आणि तुमची बोट फ्रेममध्ये गचके खाते. तुम्हाला बघायचंय काय? जिबशीट (पुढच्या छोट्या शिडाची दोरी) कधी सुटली, टिलर (सुकाणूचा दांडा) किती ढकलला, क्रू दुसऱ्या बाजूला कधी पोचला. त्यासाठी बोट स्थिर दिसायला हवी आणि क्षितिज हललं पाहिजे. क्षितिज तिरकं दिसलं की बोट किती कलली ते आपोआप कळतं, कोनमापक लावा हवं तर. बंद केल्याचा आणखी फायदा म्हणजे चित्र कडेने कापलं जात नाही, स्टॅबिलायझेशन दहाएक टक्के फ्रेम खातं.

ऋतुजा_पुणे:
नाना, तुमचं कोचिंगसाठी बरोबर असेल पण लोकांना दाखवायचा व्हिडिओ तसा काढला तर कोणी दहा सेकंद बघणार नाही, क्षितिज डावीकडे उजवीकडे डुलत राहतं आणि घरी सोफ्यावर बसलेल्या माणसाला बोट लागते. मी खडकवासल्याला कयाक चालवते आणि माझ्याकडे ३६० कॅमेरा (सगळ्या दिशा एकदम टिपणारा) आहे, त्यात क्षितिज सरळ ठेवलं की उलट बोट कललेली जास्त जोरदार दिसते, बघणारा म्हणतो अरे बापरे केवढी वाकलीय! तुमच्या पद्धतीत बोट सरळ आणि पाणी तिरकं, त्यात कसली मजा.

आणि ३६० चं एक बरं असतं, लावताना दिशा ठरवायची गरज नाही, घरी येऊन ठरवायचं कुठे बघायचं ते. फक्त एक लक्षात ठेवा, बोट वळली की एडिट करताना फ्रेममध्ये बोटच गोल फिरायला लागते, कारण सॉफ्टवेअर दिशा धरून ठेवतं. व्ह्यू बोटीबरोबर वळावा असं सेटिंग ॲपमध्ये असतं ते लावायचं.

तांडेल_नाना:
ऋतुजाताई, भांडण नाही. व्हिडिओ कोणासाठी काढताय ते आधी ठरवा, इतकंच. खारेवाऱ्यांना स्वतःचा टॅक बघायचाय, सोफ्यावरच्या माणसाचा त्यांना काय उपयोग. स्टॅबिलायझेशन नंतर कॉम्प्युटरवर थोडंफार करता येतं, पण कॅमेऱ्याने एकदा चित्र फिरवून कापून ठेवलं की मूळ फ्रेम परत मिळत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.

खारेवारे:
दोघांचंही पटतंय 😀 बरं नाना, बोटीला घट्ट म्हणजे कुठे? मी मागे ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर) दांडा लावून पुढे तोंड करून ठेवायचं म्हणत होतो, म्हणजे आम्ही दोघं, शिडं, सगळंच दिसेल.

तांडेल_नाना:
तिथेच सगळे लावतात आणि एन्टरप्राइझवर तीच जागा सर्वात त्रासाची. तुमची मेनशीट (मोठ्या शिडाची दोरी) बूमच्या (त्या शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) टोकापासून ट्रान्समवर येते ना? जाइब करताना (वारा पाठीमागून असताना बाजू बदलताना) बूम सपकन इकडून तिकडे जातं तेव्हा मधली ढिली दोरी दांड्याला अडकते. हलका वारा असेल तर कॅमेरा जातो, जोरात असेल तर बोट आडवी होते. दांडा लावायचाच तर अगदी कोपऱ्यात, बाहेरच्या अंगाला झुकवून, आणि धक्क्यावर बोट बांधलेली असताना बूम हाताने दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा दोरी लागते का. बघितल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही.

दुसरी अडचण सूर्य. आपल्याकडे दुपारी खारे वारे सुटतात ते वायव्येकडून, पश्चिमेकडून. तुम्ही वाऱ्यावर चढता, म्हणजे वारा येतो त्या बाजूला जाता, तेव्हा बोटीचं नाक कुठे? उन्हाकडे. चार वाजता ट्रान्समवरचा कॅमेरा सरळ सूर्यात बघत असतो, माणसं काळी ठिक्कर, आणि काचेवर थेंब असतील तर प्रत्येक थेंबाचा तारा होतो. म्हणून मी सांगेन मास्टला, गूजनेकच्या (बूम मास्टला जोडणाऱ्या सांध्याच्या) खाली, मागे तोंड करून. चेहरे दिसतात, हात दिसतात, टिलर दिसतो, ऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागे. किकरची (बूम खाली ओढून धरणारी) दोरी मध्ये येते, म्हणून चार बोटं बाजूला सरकवायचा. शीड दिसणार नाही, पण शीड बघायला वेगळा दिवस ठेवा. सकाळी मतलई वाऱ्यावर निघत असाल तरी हेच, तेव्हा वारा आणि ऊन दोन्ही पूर्वेकडून.

मालवणी_चेडू:
नाना बरोबर सांगतत. आमच्या हकडे शिडाची होडी नाय, इंजिनाची. माझ्या काकाच्या होडयेर पर्यटक येतत आणि कॅमेरो मागे इंजिनाजवळ लावतत. मगे व्हिडिओत सगळा जेलीसारख्या थरथरता, आणि म्हणतत कॅमेरो खराब आसा! कॅमेरो बरो आसा ओ, इंजिनाच्या कापऱ्यान असा होता.

(मालवणी न समजणाऱ्यांसाठी, आउटबोर्डच्या बारीक कंपनाने चित्र लडबडतं, कारण सेन्सर चित्र एका दमात न घेता ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्यात कॅमेरा हललेला असतो. भर उन्हात शटर स्पीड खूप वाढतो तेव्हा जास्तच दिसतं. शक्य तितका पुढे नाळेकडे लावायचा, क्लॅम्पच्या खाली रबराचा तुकडा घालायचा, आणि दांडा आखूड ठेवायचा, लांब दांडा कंपन वाढवतो.)

आणि माउंटबिउंट काय लावायचा ता लावा पण दोरी बांधा. पाण्यात गेलो तो गेलोच. तारकर्लीक पाणी नितळ आसा तरी सापडना नाय, तुमच्या हार्बरच्या गढूळ पाण्यात तर इचारूकच नको.

तांडेल_नाना:
लाखातलं बोललीस बाय. दोरीबद्दल एकच, ती माउंटला बांधू नका, बोटीच्या फिटिंगला बांधा, कारण निघतं ते माउंटच. दोन मिलिमीटरची डायनीमा (बारीक पण दणकट कृत्रिम दोरी) पुरे, आणि इतकीच लांब की सुटून कॅमेरा लटकला तरी रडरपर्यंत (सुकाणूपर्यंत) पोचू नये.

चिकटवायची पट्टी वापरणार असाल तर आदल्या दिवशी लावा. सकाळी धक्क्यावर लावली आणि तासाभरात पाण्यात उतरलो असं चालत नाही, त्या गोंदाला पूर्ण पकडायला २४ तास लागतात. गेलकोटवर (बोटीच्या वरच्या गुळगुळीत थरावर) मीठ आणि जुनं मेण असतं, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून कोरडं झाल्यावरच. सक्शन कप मात्र डिंगीवर विसरा, पाय घसरू नये म्हणून डेकवर जो खरखरीतपणा असतो त्यावर तो धरत नाही, आणि गुळगुळीत जागेवर धरलाच तर उन्हाने तापून सुटतो.

ऑकलंडकर:
धागा छान चाललाय. मी इथे वाइतेमाता हार्बरमध्ये क्लब रेसिंग करतो, थोडी भर घालतो.

थेंब. हा सर्वात मोठा छळ. दोन पंथ आहेत. एक पंथ काचेवर पाणी न धरणारं लिक्विड लावतो, गाडीच्या काचेला लावतात तसलं. त्याने पाण्याचे मणी होतात आणि उडून जातात, पण उडवायला वारा लागतो. पुढे तोंड असलेल्या कॅमेऱ्यावर, वेगात, उत्तम चालतं. खारेवारे, तुमचा मास्टवरचा कॅमेरा मागे बघणार, त्याच्या काचेवर वारा थेट येतच नाही, मग ते मणी तिथेच बसून राहणार, चित्राच्या बरोबर मध्यभागी. दुसरा पंथ चाटतो. हो, काच जिभेने चाटायची 😀 थुंकीने पाणी पसरून पातळ थर होतो, थेंब बनत नाही आणि थरातून स्वच्छ दिसतं. सतत तुषार उडत असतील तर हाच पंथ खरा. कोरडं पडलं की मात्र मीठ बसतं आणि पांढरी रिंगणं दिसतात, म्हणून गोड्या पाण्याची छोटी बाटली जवळ ठेवायची आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी काच धुऊन परत चाटायची. शर्टाने अजिबात पुसू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात.

बिनशिडाची_होडी:
मुंबई हार्बरचं पाणी उडालेला कॅमेरा चाटायचा??? कॅमेरा वाचेल हो, माणसाचं काय 🤢

ऑकलंडकर:
हाहा, म्हणूनच आधी बाटलीतल्या पाण्याने धुवा म्हटलं.

धुकं राहिलं. जुन्या डबीवाल्या कॅमेऱ्यात आतून काच धुरकट होते, कॅमेरा आत तापतो आणि बाहेरून पाणी गार, आत कोंडलेल्या हवेतलं बाष्प काचेवर जमतं. इथलं पाणी गार म्हणून आम्हाला जास्त त्रास. कोणाकडे डबीचा असेल तर डबी घरी एसीच्या कोरड्या हवेत बंद करून आणा, किनाऱ्यावर उघडून परत बंद केलीत तर किनाऱ्याची दमट हवा आत कोंडली म्हणून समजा. बिनडबीच्या कॅमेऱ्यातही तेच, बॅटरी बदलायला दार उघडलं की तीच हवा आत.

खारेवारे:
चाटण्याबद्दल मित्राला सांगितलं, तो म्हणाला तुझा कॅमेरा तूच चाट.

रेसमध्ये लावला तर चालतो का ऑकलंडकर? आणि रेझोल्यूशन काय ठेवू, ४के ६० वर (सेकंदाला ६० फ्रेम) ठेवलं तर बॅटरी पटकन संपते आणि मागच्या वेळी धक्क्यावर वाट बघतानाच तापून बंद झाला.

तांडेल_नाना:
धक्क्यावर वारा नाही, ऊन आहे, काळा कॅमेरा आहे, तापणारच. पाण्यात वारा लागला की तापणं कमी होतं. पण तुम्हाला ४के ६० कशाला? १०८० ५० ठेवा, वायफाय आणि जीपीएस बंद, मागचा स्क्रीन एका मिनिटात बंद होईल असं करा. बरोबर दोन सुट्या बॅटऱ्या, पण त्या किनाऱ्यावर, बोटीत दार उघडायचं नाही. पॉवर बँक जोडायला भोक असलेलं दार मिळतं ते डिंगीवर लावू नका, ते लावलं की वॉटरप्रूफपणा संपला.

ऋतुजा_पुणे:
कार्डाचा हिशोबही करून ठेवा. १०० एमबीपीएसने रेकॉर्ड केलं तर तासाला ४५ जीबी होतात, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तासात भरतं. व्ही३० (रेकॉर्डिंगच्या वेगाचा दर्जा) लिहिलेलं कार्डच घ्या. रेकॉर्डिंग लांब असलं की कॅमेरा फाइलचे तुकडे पाडतो, काही बिघडलेलं नाही, ते सलग जोडता येतात.

अजून एक, व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. तुमची शिडं निळी आहेत म्हणालात ना, शीड फ्रेममध्ये आलं की कॅमेरा रंग भरपाई करायला जातो आणि माणसं पिवळी पडतात, टॅक केला की परत बदलतं. ५५०० के (केल्व्हिन) वर लॉक करून टाका. एक्सपोजर थोडं कमी ठेवा, पाण्यावरची चकाकी एकदा पांढरीफेक झाली की परत येत नाही.

खारेवारे:
अरे हो! मित्राचा चेहरा मध्येच कावीळ झाल्यासारखा दिसत होता, मला वाटलं घाबरला होता.

ऑकलंडकर:
रेसबद्दल. बहुतेक क्लब रेसमध्ये नुसता रेकॉर्ड करणारा कॅमेरा चालतो, पण नोटीस ऑफ रेस (रेसचं माहितीपत्रक) आणि तुमच्या क्लासचे (बोटीच्या प्रकाराचे) नियम वाचा, काही क्लासमध्ये बोटीवर वेग किंवा जागा दाखवणारी इलेक्ट्रॉनिक्स चालत नाहीत आणि कॅमेऱ्यातलं जीपीएस त्यात धरलं जाऊ शकतं.

आणि कोणाला वाटत असेल की प्रोटेस्टमध्ये (रेसमधल्या तक्रारीच्या सुनावणीत) हा व्हिडिओ दाखवून जिंकू, तर जरा थांबा. वर्ल्ड सेलिंगच्या नियमपुस्तकात परिशिष्ट एम मध्ये व्हिडिओ पुरावा कसा बघायचा ते दिलंय, आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की एका कॅमेऱ्याच्या चित्रात खोलीचा अंदाज फार वाईट येतो. ॲक्शन कॅमेऱ्याची लेन्स इतकी वाइड असते की शेजारची बोट आहे त्यापेक्षा लांब दिसते. तुम्ही मार्कला (वळायच्या खुणेपाशी) जागा मागितली होती आणि समोरच्याने दिली नाही, हे सिद्ध करायला दाखवलेला व्हिडिओ बघून पंच म्हणतील भरपूर जागा होती की! माझ्या डोळ्यांदेखत झालंय हे एकाचं.

यमन_कल्याण:
मी शिडाबिडातला नाही, साउंडवाला आहे, पण कोणीच आवाजाबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. कॅमेऱ्याच्या माइकवर वाऱ्याचा नुसता घोंघाट येईल. तुम्हाला टॅकच्या वेळी कोण काय ओरडलं ते ऐकायचं असणार, नाहीतर भांडण कसं मिटणार? छोटा व्हॉइस रेकॉर्डर झिपलॉक पिशवीत घालून लाइफ जॅकेटच्या आत, छातीजवळ ठेवा. आवाज थोडा दबका येतो पण जॅकेटचा फोम वारा अडवतो, शब्द कळतात. दोन्ही चालू केल्यावर कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी वाजवा, एडिटिंगमध्ये ती टाळी धरून आवाज आणि चित्र जुळवायचं.

बिनशिडाची_होडी:
हे भारी आहे, पण खारेवारे, मित्राला सांगून रेकॉर्ड करा बरं का, त्याला माहीत नसेल तर तो काय काय बोलेल आणि ते आईला ऐकवाल.

साधा फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये घालून नाही का चालणार? माझ्या फोनवर आयपी६८ (पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा) लिहिलंय.

ऋतुजा_पुणे:
ती चाचणी गोड्या पाण्यात होते, समुद्रासाठी नाही. आणि ओल्या बोटांनी टचस्क्रीन ऐकत नाही, पाण्याचे थेंब पडले की आपोआप बटणं दाबली जातात. पाउचमध्ये घालून फोन जवळ जरूर ठेवा, पण मदतीसाठी फोन करायला.

मालवणी_चेडू:
ह्या मात्र एकदम बरोबर. आणि छातीर पट्टो बांधून कॅमेरो लावतत त्यांका सांगा, होडी उलटल्यार परत वर चढताना तो कॅमेरो काठाक अडाकता. हेल्मेटवरचो दोरयेक अडाकलो तर मानेक झटको. अंगार काय्येक लावू नका.

तांडेल_नाना:
+१०००. अंगावर काही नको. आणि मास्टच्या टोकावरून वरून खाली शूट करायची हौस कोणाला असेल तर, हार्बरमध्ये ओहोटीला बऱ्याच ठिकाणी पाणी इतकं उथळ असतं की उलटी झालेली बोट मास्ट चिखलात रोवून बसते. कॅमेरा तिथेच सगळ्यात आधी पोचतो.

अजून एक महत्त्वाचं. नेव्हल डॉकयार्डच्या बाजूला कॅमेरा करून शूट करू नका. तो प्रतिबंधित भाग आहे, कोस्टल पोलीस किंवा नेव्हीची बोट येऊन विचारू शकते आणि त्यांचं बरोबर असतं. तुमच्या व्हिडिओत मागे युद्धनौका आल्या असतील तर तो तुकडा कुठे टाकायच्या आधी कापून टाका. ३६० वाल्यांनी जास्त सांभाळा, त्यात सगळ्या दिशा येतातच. ड्रोनचं तर नावही काढू नका.

यमन_कल्याण:
एडिटिंगचं एक सांगतो, सगळा व्हिडिओ बसून बघू नका, दोन तासांचा बघायला दोन तास जातात आणि मग माणूस तिसऱ्या वेळी काढायचंच सोडतो. प्रत्येक टॅकच्या आधी कॅमेऱ्यासमोर हात हलवा. घरी नुसतं पुढे ढकलत हात शोधायचा आणि तेवढेच वीस सेकंद बघायचे.

बिनशिडाची_होडी:
टॅकिंगवरून कॅमेरा, कॅमेऱ्यावरून थुंकी, थुंकीवरून नेव्ही, धाग्याचं काश्मीर झालंच शेवटी 😀 वाचनखूण साठवली.

खारेवारे:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. तर मास्टला गूजनेकखाली, मागे तोंड, स्टॅबिलायझेशन बंद, १०८० ५०, रंग लॉक, रेकॉर्डर जॅकेटमध्ये. ऋतुजाताई, तुमचा ३६० एकदा मुंबईला घेऊन या, क्षितिज सरळ करून आम्हाला हिरो बनवा.

एकच राहिलं, आल्यावर धुवायचा कसा? नळाखाली धरू?

तांडेल_नाना:
जोराच्या धारेखाली नको, धार दाराच्या फटीत घुसते. बादलीत गोडं पाणी घ्या, दार बंद ठेवून कॅमेरा अर्धा तास बुडवा, बुडालेला असतानाच बटणं दहा-बारा वेळा दाबा म्हणजे खालचं मीठ सुटतं, नाहीतर दोन आठवड्यांनी बटण दाबलेलंच राहतं. माउंटचे स्क्रूसुद्धा त्याच बादलीत. पूर्ण कोरडा झाल्यावरच दार उघडायचं, तेही पंख्याखाली, ओल्या हातांनी नाही.

आणि ती डायनीमा ससून डॉकजवळ जाळ्यांच्या सामानाच्या दुकानांत विचारून बघा, कॅमेऱ्याच्या दुकानात तीच दोरी सेफ्टी टेदर म्हणून तिप्पट भावाने देतील.

मालवणी_चेडू:
नाना, दोरयेची गाठ खयची मारूची ता पण सांगा, नायतर हे चपलेची गाठ मारून येतले!

तांडेल_नाना:
बोलाइन (पक्क्या फासाची गाठ). दोन्ही टोकांना. मात्र डायनीमा गुळगुळीत असते, गाठ सरकते, म्हणून शेपूट चांगलं लांब सोडा आणि त्यालाच वर एक गाठ मारून टाका. शनिवारी दुपारी क्लबवर असतो मी, या, दाखवतो.